नाल्यावरच्या बाभळीत टर्रर्र करणारं पाखरू कोणतं?

वावरवाला_आर्वी:
रानडुकरांपायी आठ दिवसांपासून जागलीला जातो. आज पहाटे माळ्यावरून उतरून घरी निघालो. पऱ्हाटी दवानं ओली, पायजमा गुडघ्यापर्यंत चिंब. नाल्यावरच्या बाभळीतून टर्रर्र ऐकू आलं. किडा असंल म्हणून चार पावलं पुढे गेलो, पुन्हा टर्रर्र. वर पाहतो तर चिमणीपेक्षा लहान पाखरू. अंग मातकट, गळा नारिंगी. फांदीवरून झेप घ्यायचं, माशी धरायचं, परत येऊन शेपूट झटक्यानं वर करायचं. मोबाइलवर फोटो काढला, त्यात नुसते काटे आलेत.

थिरथिरा मी ओळखतो, सोयाबीन निघालं की कुटाराच्या ढिगावर शेपूट थरथरवत हजर. करडा धोबीही पोळ्याच्या मागंपुढं विहिरीवर येतो. हे मात्र पहिल्यांदाच पाहिलं. का इतकी वर्षं किडा समजूनच सोडलं, कोण जाणे.

बोरीबाभळी:
माशीमार आहे भाऊ. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी पांढरं होतं का?

वावरवाला_आर्वी:
हो, शेपूट उचललं की दिसायचं. बाकी शेपूट काळं.

बोरीबाभळी:
मग लाल छातीचा माशीमार. पूर्व युरोप, रशियाकडून येतो.

पाणकाठ:
घाई नका करू. टायगा माशीमारही असाच असतो, तो सायबेरियातून येतो. माद्या तर फसवतातच. पण टायगाचा नर हिवाळ्यात गळ्याचा नारिंगी रंग टाकतो, लाल छातीवाला मोठा नर ठेवतो. त्यामुळं ऑक्टोबरात नारिंगी गळा म्हणजे बोरीबाभळींचंच बरोबर वाटतं. तरी खालची चोच बघा: बुडाशी फिकट तर लाल छातीवाला, पूर्ण काळी तर टायगा. आवाजही ऐका. लाल छातीवाल्याचं टर्रर्र संथ असतं, तुकडे वेगळे कळतात. टायगाचं घाईचं, कोरडं.

वावरवाला_आर्वी:
आज पुन्हा जाऊन बाभळीखाली बसलो. टर्रर्रचे तुकडे चांगले वेगळे ऐकू आले. चोचही दिसली, खालून फिकट. तुमचंच खरं, दोघांचंही. मी तिथं मान वर करून बसलो तोवर डुकरं पलीकडच्या धुऱ्यावरून शिरली, परवाच पेरलेल्या हरभऱ्याची चार तासं उकरून गेली. घरी अजून सांगितलं नाही.