कार्ल्याच्या बुद्धमूर्ती म्हणजे नासधूस?

डोंगरवाट:
काल इथे कुणीतरी लिहिलं की कार्ल्याच्या चैत्यगृहावर, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यावर, महायानी (बुद्धमूर्ती पुजणाऱ्या पंथाच्या) भिक्षूंनी बुद्ध कोरले ती नासधूस, मूर्तीविना होतं तेच अस्सल लेणं. डोकंच फिरलं. मूर्ती ५व्या-६व्या शतकातल्या, मूळ लेण्यानंतर चार-पाचशे वर्षांनी आल्या, कबूल. पण ओसरीत जरा थांबून बघा. सिंहासनावर बुद्ध, दोन्हीकडे बोधिसत्त्व, खाली कमळाचा देठ धरलेले नाग. विहार, म्हणजे भिक्षूंचा मठ, नांदता होता म्हणून पुढच्या पिढ्या छिन्नी घेऊन आल्या. ओस लेण्यात मूर्ती कोण कोरतं?

रानपाखरू:
ते लिहिणारा मीच. या बुद्धांसाठी जुनी वेदिकेची, म्हणजे कठड्याची, नक्षी तासली, त्याचं काय? मूळच्या स्त्री-पुरुष जोड्यांच्या मध्ये दाटीवाटीने मूर्ती घुसवल्या. वैजयंती नगरच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे सावकाराने, जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह म्हणून लेख कोरला, तेव्हा यातली एकही नव्हती.

मावळा७७:
तिथे आज काय चाललंय ते बोला. छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षं टिकल्या, आणि रविवारी पोरं खांबांना टेकून रील काढतात. दारातच एकवीरेचं देऊळ, दर्शनाची रांग, ढोल, गुलाल. देऊळ खाली हलवा.

खाडीकाठची:
हलवा? एकवीरा आई आमची कुलस्वामिनी आहे. माझी आजी चैत्रात अनवाणी पायऱ्या चढायची. वर पोचली की आधी सिंहस्तंभाला हात लावायची, मग आईपुढे जायची. लेण्याचा मान आम्हाला शिकवू नका. वेफर्सची पाकिटं ट्रेकवालेही टाकतात, डोळ्यांनी बघितलंय.

मावळा७७:
आजीबद्दल आदर आहे. पण देऊळ आहे तिथे दुसरा सिंहस्तंभ असावा, असं अभ्यासक म्हणतात.

खाडीकाठची:
असेल. म्हणून आता आईला उठवायचं? आतल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांचीसुद्धा दानं कोरली आहेत. तेव्हा कुणी कुणाला हाकललं नाही, तुम्ही कशाला हाकलता?

डोंगरवाट:
अहो, धागा मूर्तींचा आहे! आणि ताई म्हणतात तेच माझंही म्हणणं. ज्यांची श्रद्धा होती, त्यांनी आपापली भर घातली.

रानपाखरू:
विहार नांदता होता, एवढं पटलं. पण तासलेली वेदिका परत येत नाही. आज कुणी भक्तीपोटी तिथे छिन्नी लावली तर चालेल का? नाही ना? मग तेव्हाचं कौतुक मला सांगू नका.

खाडीकाठची:
आज कुणी छिन्नी लावली तर आधी आम्हीच हात धरू. जत्रेच्या दिवसांत चैत्याच्या दारात पहारा ठेवा, गुलाल आत नेऊ देऊ नका. आमची माणसं ऐकतील. देवळाला मात्र हात लावायचा नाही.