ओमान: वादी शाबच्या गुहेपर्यंत ११ वर्षांच्या मुलीला पोहत न्यावे का?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, पत्नी, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई असे चौघे मस्कतला धाकट्या भावाकडे जाणार आहोत. तिथून भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने सूर, पुढे वादी बनी खालिद (वादी म्हणजे डोंगरातली पाणी वाहणारी दरी) आणि शेवटी शर्किया वाळवंटात एक मुक्काम असा चार दिवसांचा बेत आहे. भाऊ पाण्यापासून चार हात लांब राहणारा असल्यामुळे जाणकारांना विचारत आहे.

वाटेतल्या बिम्माच्या पाणी भरलेल्या विवराची मला काळजी वाटत नाही. तिथे उल्का पडली अशी स्थानिक समजूत असली, तरी प्रत्यक्षात चुनखडीचे छत कोसळून तो खड्डा झालेला आहे. पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत आणि मुलीला काठाजवळच ठेवता येईल. वादी बनी खालिदला बारमाही पाणी असते आणि फार चालावे लागत नाही, म्हणून आईसाठी ते ठिकाण मुद्दाम ठेवले आहे.

खरा प्रश्न वादी शाबचा आहे. महामार्गाच्या पुलाखालून नावेने पलीकडे गेल्यावर सुमारे पाऊण तास खडकांतून चालायचे, मग एकामागून एक डोह पोहत पार करायचे आणि शेवटी जेमतेम डोके मावेल एवढ्या कपारीतून आतल्या धबधब्याच्या गुहेत शिरायचे, असे तिथे गेलेल्यांकडून ऐकले आहे. मी स्वतः पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलो, त्यामुळे पाय न टेकणाऱ्या पाण्याची मला सवय आहे. मुलगी मात्र दोन वर्षे तरणतलावातच पोहली आहे आणि तळ दिसेनासा झाला की घाबरते. लाइफ जॅकेट घातलेल्या मुलाला त्या कपारीतून सहज जाता येते का, की जॅकेटच तिथे अडचण ठरते? मधल्या डोहांत दम खायला धरता येण्याजोगे खडक आहेत का? कपारीच्या अलीकडूनच परतलेल्या कुणाचा अनुभव असेल, तर तोही अवश्य सांगावा.

दुसरी शंका पावसाची. डोंगरात दूर कुठेतरी पाऊस पडला, तरी डोक्यावर निळे आकाश असताना वादीत लोंढा येऊ शकतो आणि वाहत्या वादीत गाडी घालणे तिथे कायद्याने गुन्हा आहे, एवढे मला ठाऊक आहे. मात्र निघण्याच्या दिवशी सकाळी तुम्ही कुणाला विचारून निर्णय घेता, नावाड्यांना की मुक्कामाच्या ठिकाणी?

पत्नी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घालूनच पोहणार आहे. मला गुडघ्याखालपर्यंतची विजार आणि टी-शर्ट पुरेसे होईल, असे धरून चाललो आहे. चूक असल्यास सांगावे. परतीची शेवटची नाव साधारण किती वाजता सुटते हे कळले, तर मस्कतहून पहाटे किती वाजता निघायचे ते ठरवता येईल, कारण आईला गाडीत फार वेळ ताटकळत ठेवायचे नाही.