युनियन केली म्हणून काम गेलं – तुमच्या घरातले अनुभव

करीरोडकरीण
परवा गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जासाठी बाबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी, काहीतरी मिळेल म्हणून. मिळालं ते १९७९ चं टाइप केलेलं एक पत्र. 'गैरवर्तनामुळे कामावरून कमी.' बाबा साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. गैरवर्तन काय, तर बदलीवाल्यांना, म्हणजे कायम नसलेल्या कामगारांना, महिन्यात किती दिवस काम मिळतं ते त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं आणि गेटवर वाचून दाखवलं.

मग करी रोडपासून वरळीपर्यंत एकाही गिरणीने दारात उभं केलं नाही. जॉबर, म्हणजे कामाला लावणारे मुकादम, आमच्याच गावचे, पण नाव ऐकलं की "पुढच्या महिन्यात बघू". शेवटी भायखळ्याला भाजीच्या गाड्या उतरवल्या. घराच्या योजनेला कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असावा लागतो. ज्याला बोलला म्हणून आधीच काढलं, त्याचं काय? आई म्हणाली, ठेव ते पत्र जागेवर. आणि ट्रंकेवरच बसून राहिली.

तुमच्याकडे असं कुणी असेल तर लिहा. गिरणी, गारमेंट, कुठलंही. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

जुना_रेडिओ
माझे काका लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचे. ५ जून १९७० ला लालबागला कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला तेव्हा मी सातवीत. आमदार होते ते, तरी. त्या रात्री काकूने काकांचे सगळे कपडे बादलीत भिजत घातले. सकाळी घालायला काही नको, म्हणजे बाहेर जाणार नाहीत. काका लुंगीवर गेले.

अबोली
काकू!! 🙏 कुकर लावलाय, येते परत.

मालवणी_माणूस
करीरोडकरीण ताई, पत्र फेकू नका. हजेरीचा कागद, पीएफची पावती, काय असेल ते प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. आमच्या वडलांचं सगळं उंदरांनी खाल्लं.

सातारकर_पुणे
हे नुसतं एका मॅनेजरच्या रागाचं काम नव्हतं. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यात एका भागातल्या एका धंद्याला एकच प्रातिनिधिक युनियन, आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार दुसऱ्या झेंड्याखाली गेला तरी त्या झेंड्याला मालकाशी बोलणी करायचा हक्क नव्हता. युनियन पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या गिरणी संपात, १८ जानेवारी १९८२ पासूनच्या, पगाराच्या बरोबरीने हा कायदा काढा हीपण मागणी होती. अडीच लाख माणूस बाहेर होता.

आमचे वडील संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी केली. साच्यावर एवढी वर्षं काढलेला माणूस ऊसतोडीला.

अबोली
आले. आमच्या आजीची खाणावळ होती डिलाईल रोडला. संपात पैसे कुणाकडेच नाहीत, तरी आजी डाळभात घालायची. दोघे जण पुढे पुढे असायचे, त्यांना धरायला पोलीस रात्रीचे यायचे. आजी त्यांना पोटमाळ्यावर झोपवायची आणि खाली जिन्याशी स्वतः भांडी घासत बसायची, रात्री दोन वाजता. त्यातला एक नंतर वेडसर झाला. दर पाळीच्या वेळेला अंघोळ करून डबा घेऊन निघायचा. आजी डबा भरून द्यायची.

जुना_रेडिओ
अबोली, खाणावळ पुलाच्या अलीकडे का? खाली पिठाची गिरणी?

अबोली
हो हो! तुम्ही जेवलायत का आजीकडे??

जुना_रेडिओ
काका जेवायचे. बांगड्याचं तिखलं.

प्रवासी_पक्षी
मी २०११ ते २०१४ ढाक्यात बायिंग हाऊसला मर्चंडायझर, म्हणजे परदेशी ब्रँडसाठी कारखान्यांतून कपडे शिवून घ्यायचो. अमिनुल इस्लाम हे नाव तिथे कळलं. आधी शिलाई कामगार, मग ढाक्याजवळच्या आशुलियाच्या कारखान्यांतली माणसं संघटित करायचा. २०१० ला पकडून मारहाण झाली होती, तरी थांबला नाही. ४ एप्रिल २०१२ ला बेपत्ता झाला, दुसऱ्या दिवशी टांगाइल जिल्ह्यात रस्त्याकडेला प्रेत. अंगावर छळाच्या खुणा. बेवारस म्हणून पुरलं होतं, पेपरातल्या फोटोवरून घरच्यांनी ओळखलं. त्या आठवड्यात आमचा माल शिवणाऱ्या फ्लोअरवर कुणी मान वर केली नाही. आणि मी शिपमेंटच्या तारखा विचारत फिरत होतो, ते अजून टोचतं.

वर्षभराने राना प्लाझा, शिलाई कारखान्यांची इमारत, कोसळली. २४ एप्रिल २०१३. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले, खालची बँक बंद ठेवली, वरच्या शिलाईवाल्यांना मात्र आत घातलं. पगार कापू म्हणून. १,१३४ गेले. तिथल्या एकाही कारखान्यात युनियन नव्हती. "आम्ही आज आत जात नाही" हे सगळ्यांच्या वतीने म्हणायला एखादा अमिनुल लागतो हो. त्यालाच आधी संपवतात.

करीरोडकरीण
प्रवासी, हे आईला वाचून दाखवलं. "त्याला बायको होती का" विचारते.

प्रवासी_पक्षी
होती. मुलंही.

निळी_छत्री
बेंगळुरूला क्वालिटी चेकर होते मी. एप्रिल २०१६ मध्ये पीएफसाठी हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, आठवतं का? मालकाच्या वाट्याचे पैसे ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाहीत असा नियम आला होता. १८ आणि १९ एप्रिल, दोनच दिवस, आणि सरकारने नियम मागे घेतला! टीव्हीवर सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्या लाइनवरची जी सगळ्यात पुढे होती तिला पुढच्या महिन्यात दुप्पट टार्गेट, मग बाथरूमला गेली की वेळ लिहायचे, मग दुसऱ्या युनिटला बदली, दीड तास लांब. लहान मूल होतं. तिनेच राजीनामा दिला. कागदावर 'स्वेच्छेने'. मी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली. तिला फोन करायचंय कधीपासून.

मालवणी_माणूस
आजच करा.

सातारकर_पुणे
करीरोडकरीण, त्या वहीचं काय झालं?

करीरोडकरीण
आत्ताच विचारलं. ८२ च्या पावसात घरात रॉकेल नव्हतं, स्टोव्ह बंद. चुलीला ओली लाकडं पेटेनात म्हणून आईने ती वही एकेक पान करून घातली. बाबा समोर बसले होते, काही बोलले नाहीत. पुठ्ठा तेवढा त्यांनी काढून घेतला. तो ट्रंकेच्या तळाला आहे, आत्ता बघितला. त्यावर ३१ नावं आहेत.