पाय बाभळीचे करा, पण वरची फळी मोकळी ठेवा

भाऊ, सुतारकामाच्या बाकाबद्दलच्या तुमच्या पोस्टमध्ये पाय बाभळीचे घ्या म्हणता ते एकदम बरोबर. आपल्याकडे वखर-तिफनीलाही बाभूळच लागते, दणका सोसते ती. पण वरची फळी फेविकॉल लावून चौकटीला पक्की करा असं लिहिलंय, ते मात्र कोणी करू नका.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जुलैत हवा ओलीचिंब. लाकूड रुंदीत फुगतं, आकसतं. लांबीत जवळपास नाहीच. माझी पहिली सागाची फळी दोन्ही कडांना स्क्रूने आवळली होती. एका उन्हाळ्यात मधोमध अशी तडकली, की भेगेत पटाशीचं पातं उभं राहायचं. फार जीव लावून रंधली होती हो! आता पुढची कड घट्ट बसवलीय आणि मागच्या स्क्रूंना आडवी, लांबट भोकं दिलीत, फळीला सरकायला.

पायांना कुसू (टोकाला कोरलेली चौकोनी जीभ) काढून आरपार खाचेत बसवा, वरून पाचर. ढिलं झालं की पाचर ठोकायची. उंची उभ्यानं मनगटापर्यंत धरा, रंधा मारताना कंबर धरत नाही. पायांखाली फरशीचे तुकडे नक्की द्या. मातीच्या जमिनीतून उदई (वाळवी) आधी बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाच लागते.