टबातलं पाणी परत परत हिरवं होतंय, काय करू?

गच्चीकर (सांगली): नमस्कार मंडळी. विश्रामबागला गच्चीवर 100 लिटरच्या काळ्या टबात लिली लावलीय, डासांसाठी 8 गप्पी सोडलेत. पाणी पार पालकाच्या गरगट्यासारखं झालंय, बोट बुडवलं तर नख दिसत नाही. दर रविवारी सगळं उपसून, टब घासून नळाचं पाणी भरतो, चार-पाच दिवसांत परत तेच. मासे आहेत म्हणून औषध नको. ऊन सकाळी 9 ते 4.

कृष्णाकाठ: अहो ते उपसणं बंद करा पहिलं. टब घासला की हिरवं पाणी खाणारे बारीक जीव पण मोरीत जातात आणि नव्या पाण्यातनं शेवाळाला नवं खाद्य मिळतं. आटेल तेवढंच भरा. आणि लिलीच्या कुंडीत काय घातलंय? शेणखत असेल तर लिलीआधी शेवाळच जेवतंय. मी नुसती गाळाची माती दाबून भरतो, वर दोन बोटं जाड वाळू. माशांना खाणं पण चिमूटभरच, दोन मिनिटांत संपेल एवढं.

आजीची बाग (सातारा): निम्म्याहून जास्त पाणी झाकलं पाहिजे बघा, लिलीची पानं पसरेपर्यंत अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) सोडा, जास्त झाला की ओंजळीनं काढून कुंड्यांत घाला, उत्तम खत. दुपारी 1 नंतर ग्रीननेट ओढा, पण सगळं ऊन तोडू नका नाहीतर लिली फुलायची नाही. जलपर्णी आणू नका, आणलीच तर नदी-ओढ्यात टाकू नका. आणि कासच्या तळ्यातली कुमुदिनी उपटून आणायचा विचार पण नको हं, आमच्याकडं असले महाभाग येतात!

बिनधास्त: चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, विषय संपला.

कृष्णाकाठ: गप्पी आणि गोगलगाई पण संपतील की राव. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं.

गच्चीकर (सांगली): आत्ता कुंडी दाबून बघितली, चहाच्या रंगाचं पाणी वर आलं. नर्सरीवाल्यानं निम्मं गांडूळखत भरलंय वाटतं! उद्या माती बदलतो. बांधकामाची वाळू चालेल का?

कृष्णाकाठ: चालते, पण चाळून घ्या आणि निवळ पाणी येईस्तोवर धुवा, मला सात-आठ बादल्या लागल्या होत्या. पाणी निवळायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर रविवारी टबाकडं फिरकू नका 😄