थंडीतली परसबाग: तुमचे अनुभव लिहा

परसदार
सकाळी परभणीहून भावाचा फोन आला. "कुडकुडायलोत बघ आज," म्हणाला, आणि मला २०१८ चा डिसेंबर आठवला. तेव्हा परभणीत पारा २ अंशांवर उतरला होता. आई होती तेव्हा. सांजवात झाली की तुळशीभोवती तुराट्या रोवायची अन् वरून जुनं लुगडं टाकायची. कापड पानाला टेकू द्यायची नाही, टेकलं की सकाळी तेवढं पान काळं. अंगणात ऊन आलं की आधी ते लुगडं काढायचं, मग चहा.

आपल्याकडं उन्हाळ्यात झाडं जगवता जगवता जीव मेटाकुटीला येतो. पावसाचा भरवसा नाही. हाती लागते ती दिवाळी ते शिवरात्र एवढीच थंडी. पाणी असतं, ऊन सोसवतं, पालेभाजीला चव असते. हे चार महिने कुणी वाया घालवू नयेत असं मला फार वाटतं. वाफा असो की गॅलरीतली बादली, तुम्ही काय लावता, घरी काय बघितलंय, सगळं लिहा.

गोदाकाठ
मेथी! ज्याला दुसरं काही जमत नाही त्यानं मेथी टाकावी. दाणे रात्री भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, मोड दिसला की पेरायचे. महिन्याच्या आत भाजी. मुळासकट उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा, परत फुटते. कुकर झाला, नंतर येते.

लातूरची लेक
कोथिंबिरीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अख्खे धने टाकू नका. चपलेखाली हलके रगडले की दोन डाळी होतात, मग रात्रभर भिजवून पेरा. थंडीत वर यायला दहा-बारा दिवस लागतात, कधी जास्त. लोक आठव्या दिवशीच माती उकरून बघतात. उकरू नका हो, येते.

काळी माती
कुंडीवाल्या मंडळींनी एक लक्षात ठेवा. शेतात आम्ही कडाक्याच्या थंडीत केळीला, पपईला रात्रीचं पाणी देतो, बांधाला पाचट पेटवून धूर करतो. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते अन् रात्री हळूहळू सोडते. कुंडीत उलटं. एवढ्याशा मातीत रात्री पाणी साचलं की मूळ गारठतं. दहा-अकराला ऊन चढल्यावर द्या. टाकीतलं नको, बोअरचं ताजं द्या. पहाटे हात धरून बघा, कोमट लागतं.
आमची शेतातली लाईट या हप्त्यात रात्रीची आहे. मोटार सुरू करताना बोटं कळत नाहीत.

गोदाकाठ
@काळी माती दादा, कान बांधून जात जा. अन् एकटे जाऊ नका. माझे वडील पण असेच रात्रीच्या लायटीला जायचे, ते येईपर्यंत आईचा डोळ्याला डोळा नसायचा.

काळी माती
हो ताई. पोरगं असतं सोबत.

शेवंती
नाव बघून कळलंच असेल मी काय लिहिणार. आमच्या दारात पिवळी शेवंती आईच्या वेळेपासून आहे. मध्ये एका वर्षी समोर दिव्याचा खांब आला. झाड तेच, खत तेच, पण कळीच धरेना. पुढच्या वर्षी नीट बघितलं. भिंतीच्या सावलीतल्या फांद्या कळ्यांनी भरलेल्या अन् खांबाकडच्या बाजूला नुसता हिरवा पाला. एकाच झाडाच्या दोन तऱ्हा! नंतर रोपवाटिकेतल्या काकांनी सांगितलं की शेवंती रात्र मोजते. दिवस लहान अन् रात्र मोठी, अखंड काळोखी झाली की कळी धरते. रात्रभर उजेड पडला की तिला वाटतं अजून दिवस मोठाच आहे. कुंडी मागच्या अंगणात नेली. आता मार्गशीर्षातल्या गुरुवारी फूल विकत आणावं लागत नाही. ज्यांच्या शेवंतीला फुलं नाहीत त्यांनी खत बदलण्याआधी रात्री बाहेर येऊन वर बघावं.

परसदार
@शेवंती हे वाचून बहिणीला लगेच फोन केला. तिची कुंडी गेटच्या दिव्याखालीच आहे!

मोसंबीवाला
जालना. आमच्याकडं आंबे बहारासाठी, म्हणजे थंडीअखेरच्या फुलोऱ्यासाठी, मोसंबीचं पाणी तोडतात. झाडाला ताण बसतो, पानं मलूल होतात, मग खत-पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत फूल. घरच्या मोगऱ्याला मी तेच करतो. डिसेंबरात पाणी अगदी कमी, जानेवारीच्या शेवटी छाटणी, शेणखत, मग भरपूर पाणी. उन्हाळ्यात ओंजळीनं फुलं. थंडीत मोगरा वाढत नाही म्हणून लोक खतावर खत घालतात. त्याला झोपू द्या.

लेकुरवाळी
वालाच्या वेलावर काळा मावा आलाय, शेंडे चिकट झालेत. मुलं त्याच शेंगा तोडून खातात म्हणून औषध मारायचं नाही. काय करू?

काळी माती
@लेकुरवाळी ढगाळ हवा पडली की मावा येतोच. आधी पाण्याची जोराची धार मारा, निम्मा जातो. मग ५ टक्के निंबोळी अर्क. शेतात १०० लिटरला ५ किलो निंबोळी धरतो, तुम्हाला लिटरला ५० ग्रॅम पुरे. कुटून रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा. शेंगा धुऊन खा. ठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला तर मारू नका, तो मावाच खातो.

दूरची परभणीकर
माहेर परभणी, आता टोरांटोजवळ. २ अंश वाचून माहेरची हुडहुडी आठवली. इथं मेमधली व्हिक्टोरिया डेची सुट्टी होईपर्यंत टोमॅटो-मिरची बाहेर लावत नाहीत, तोवर कधीही हिमकडाका पडू शकतो. मार्चमध्ये घरातच खिडकीशी रोपं करायची. बाहेर नेतानाही एकदम नाही. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत आठवडाभर. नाहीतर उन्हा-वाऱ्यानं पानं पांढरी पडतात.
लसूण मात्र ऑक्टोबरातच लावते, आजी लावायची तसा. वर पेंढ्याचा जाड थर. अख्खा हिवाळा बर्फाखाली राहतो अन् वसंतात फुटतो. पुरता गारठा लागला नाही तर गड्ड्यात पाकळ्याच सुटत नाहीत. आजीचा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघायचा, माझा जुलैमध्ये. पहिली जुडी विणताना तिची फार आठवण येते.

लातूरची लेक
@दूरची परभणीकर माय गं. जुडीचा फोटो टाक की.

ढाळा
हरभरा विसरलात सगळे! मोठ्या कुंडीत मूठभर टाका. वीतभर झाला की शेंडे खुडा. भाजीही होते अन् झाडाला फांद्याही फुटतात. फूल लागल्यावर खुडू नका. पाणी बेतानं.
आमची आजी पहाटे शेतात हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरायची. दहिवरानं भिजलं की पिळून ते आंबट पाणी, म्हणजे आंब, बाटलीत भरायची. पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून. हरभऱ्याच्या पानावर मॅलिक, ऑक्झॅलिक ही आम्लं असतात, म्हणून शेतातून गेलं की पाय चुरचुरतात. त्या धोतराला नंतर बारीक भोकं पडायची.

येळवस
आंब वरून अंबिल आठवलं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, कोण कोण गावी जायलंय? त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीत, भज्जीत, तुमच्याकडं काय काय घालतात? आमच्याकडं तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, वर हरभऱ्याच्या पिठाचं अन् ताकाचं कालवण.

लातूरची लेक
@येळवस चिंचही घालतात. पातीचा कांदा पाहिजेच. सोबत बाजरीचे उंडे. शेतात पूजेची कोप (खोपी) केली का?

येळवस
कडब्याची कोप, आत पूजेचे पाच पांडव, सगळं. पोरांना सुट्टी नाही तरी नेणार.

परसदार
धागा येळवशीला गेला तरी चालेल, ती पण या थंडीचीच आहे. भज्जीसाठी कुंडीत करडई टाकणाऱ्यांनो, दाट पेरून कोवळी रोपं विरळत भाजीला घ्या, मोठी झाली की काटे येतात.

लेकुरवाळी
निंबोळी गावाहून मागवली. गाजराची रोपं तयार करून ठेवलीत, वाफ्यात कधी लावू?

गोदाकाठ
@लेकुरवाळी गाजराचं रोप हलवायचं नसतं बाई, मूळ वाकडं होतं, फाटे फुटतात. आहेत ती राहू दे, पाला भाजीत घाल. नवीन बी थेट वाफ्यात टाक, माती भुसभुशीत करून, वर वाळू मिसळून. जानेवारी लागायच्या आत टाक.