लॅपटॉप चालू राहतो, आवाजही येतो, पण स्क्रीन मध्येच काळी पडते

चौकस:
माझ्या लॅपटॉपची स्क्रीन १५.६ इंची असून त्यावर विंडोज ११ आहे. वॉरंटी संपलेली आहे. अलीकडे काम चालू असतानाच स्क्रीन अचानक काळी पडते, मात्र लावलेले गाणे वाजत राहते, कीबोर्डचे दिवे चालू असतात आणि एचडीएमआय केबलने टीव्ही जोडल्यास तिथे चित्र स्वच्छ दिसते. झाकण थोडे पुढे ओढले की कधी स्क्रीन उजळते, कधी नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाकूनही फरक पडला नाही. एका दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगितले आणि जी रक्कम सांगितली, तीत थोडी भर घातली तर चांगला सेकंडहँड लॅपटॉप येईल. दोष नेमका कुठे आहे, हे घरच्या घरी कसे ठरवता येईल?

सोल्डरगन:
टीव्हीवर चित्र येत आहे, त्या अर्थी बोर्ड चित्र तयार करत आहे. तेव्हा मदरबोर्डचा निकाल इतक्या घाईने लावण्याचे कारण नाही. आधी चित्र गेले आहे की उजेड, एवढे ठरवा. एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही, त्यामागे एलईडीची पट्टी (बॅकलाइट) असते आणि ती विझली तरी चित्र जागेवरच असते. नोटपॅडमध्ये मोठ्या ठळक अक्षरांत काहीतरी लिहून ठेवा, स्क्रीन काळी पडली की खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरपा धरून पाहा. अक्षरे पुसट दिसली, तर बॅकलाइटचा वीजपुरवठा तुटतो आहे. काहीच दिसले नाही, तर पॅनेल किंवा चित्राचा सिग्नल तपासावा लागेल. (ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइटच नसतो, त्यामुळे तिथे ही चाचणी लागू पडत नाही.)

दुसरे असे की, बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये जाऊन झाकण सावकाश मागेपुढे करा. तिथेही स्क्रीन काळी पडली, तर विंडोज आणि ड्रायव्हर दोन्ही निर्दोष आहेत.

रानवारा:
झाकणाच्या सेन्सरचाही विचार करावा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकणाच्या चौकटीत छोटे लोहचुंबक आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर असतो; घड्याळाच्या पट्ट्यातले किंवा मोबाइलच्या कव्हरमधले चुंबक जवळ आले, तरी झाकण मिटले असा त्याचा समज होतो. मात्र अशा वेळी मशीन सहसा झोपी जाते आणि गाणेही थांबते. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ निवडलेले असेल, तरच फक्त स्क्रीन बंद होते, म्हणून ते सेटिंग आधी पाहा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) त्या वेळेला कर्नल-पॉवरची ४२ किंवा ५०६ क्रमांकाची नोंद सापडली, तर मशीन झोपी गेले होते असे समजावे.

चौकस:
दोघांचेही आभार. झाकणाचे सेटिंग ‘स्लीप’ आहे आणि तशी कोणतीही नोंद नाही. टॉर्चच्या उजेडात अक्षरे पुसट दिसली. बायोसमध्येही झाकण एका ठरावीक कोनापलीकडे नेले की अंधार होतो.

सोल्डरगन:
मग संशय सर्वांत आधी डिस्प्ले केबलवर जातो. ही केबल बोर्डापासून बिजागरीजवळून वर स्क्रीनकडे जाते आणि झाकणाच्या रोजच्या उघडझापीने तिच्यातल्या बारीक तारा तुटतात किंवा कनेक्टर सैल होतो. बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडाला असता, तर कोन बदलून स्क्रीन उजळली नसती.

स्वतः उघडणार असाल, तर चार्जर काढा आणि बॅटरीचा कनेक्टर बोर्डापासून सोडवल्याशिवाय डिस्प्ले केबलला हातही लावू नका. बॅटरी जोडलेली असताना कनेक्टर तिरका बसला, तर बॅकलाइटची लाइन शॉर्ट होऊन फ्यूज उडू शकतो, आणि मग खरोखरच बोर्डाचे काम निघते. कनेक्टरवरची चिकटपट्टी सोडवून, तारा न ओढता तो बाहेर काढा आणि सरळ परत बसवा. कधीकधी एवढ्यानेच भागते.

नवी केबल मागवताना फोटोवर भिस्त ठेवू नका. मूळ केबलवर छापलेला पार्ट नंबर जुळवा. एकाच मॉडेलमध्ये ३० आणि ४० पिनच्या, टचच्या आणि बिनटचच्या वेगवेगळ्या केबल असू शकतात.

रानवारा:
केबल येईपर्यंत विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा आणि टीव्हीवर काम चालवा. आणखी एक गोष्ट: मशीन उघडेल तेव्हा बिजागरीचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांमध्ये बसतात, त्या तडकलेल्या नाहीत ना, हे जरूर पाहा. बिजागरी जाम झालेली असेल आणि खुंट्या निखळलेल्या असतील, तर आधी तेच काम करून घ्यावे लागेल, अन्यथा नवी केबलही त्याच जागी तुटेल.